मागच्या अंगणातला मांडव : आधी खड्डा, मग सावली

दोन वर्षांपूर्वीची मे महिन्यातली संध्याकाळ. नांदेडमध्ये दिवसभर उन्हाने जीव नकोसा झाला होता. असरची नमाज झाली आणि पश्चिमेकडून धुळीचा लोट उठला. दारे-खिडक्या लावेपर्यंत वळवाचे वारे गल्लीत शिरले. पत्रा फडफडल्याचा आवाज आला, मग एक मोठा धडाका झाला आणि मागचे अंगण एकदम उघडे दिसू लागले. सहा महिन्यांपूर्वी हौसेने घातलेला आमचा पत्र्याचा मांडव कंपाउंडच्या भिंतीवरून शेजारच्या अंगणात जाऊन पडला होता. त्याच्या खाली एक बाज मोडून पडली होती. पाचच मिनिटांपूर्वी काकूंची नात त्या बाजेवर चित्रे काढत बसली होती. धूळ आली म्हणून काकूंनी तिला हाताला धरून आत नेले होते.

आम्ही धावत गेलो. शेजारचे काका दारात उभे होते. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "सर, पोरगी आत गेली होती म्हणून बरं झालं." त्यावर काय बोलावे ते आम्हाला सुचले नाही. ते भांडले असते तर बरे झाले असते, असे त्या रात्री वाटत राहिले.

दुसऱ्या दिवशी पडलेला सांगाडा नीट पाहिला. चारपैकी दोन खांब तळाच्या काँक्रीटच्या गोळ्यासकट उपटून आले होते, दाढ मुळासकट निघावी तसे. पत्रा कुठे फाटला नव्हता. वेल्डिंग तुटले नव्हते. म्हणजे ज्यासाठी आम्ही पैसे मोजले, घासाघीस केली, रंग पसंत केला, ते सगळे शाबूत होते. ज्याच्याकडे आम्ही एकदाही वाकून पाहिले नाही, तो जमिनीतला खड्डाच कमी पडला होता.

आपल्या घरांमध्ये मागच्या अंगणात काहीतरी सावली करण्याची इच्छा असतेच. कोणी त्याला मांडव म्हणते, कोणी सायबान. उर्दूत वेल चढवायच्या मांडवाला 'मंडवा' म्हणतात आणि लग्नाच्या मांडवालाही. दोन्ही शब्द 'मंडप' या एकाच मुळाचे. हल्ली घरबांधणीच्या मासिकांत याच वस्तूचे 'पर्गोला' म्हणून चकचकीत फोटो येतात. नाव कोणतेही असो, प्रश्न एकच आहे : त्याला आधार कशाचा? आमच्या चुकीतून आम्ही जे शिकलो, ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

अम्मींनी सांगितलेली गोष्ट

मांडव उडाला तेव्हा अम्मी ओसरीत बसून होत्या. त्यांचे माहेर लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातले, किल्लारीपासून फार दूर नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायच्या थोडे आधी तिथे भूकंप झाला, तेव्हा आम्ही सातवीत होतो. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे झोपेत गेली. चार दिवसांनी अब्बांबरोबर आम्ही मामूंच्या गावी पोहोचलो. नानी भिंतीच्या कडेला झोपत असत. त्या गेल्या होत्या. मामू आणि त्यांची दोन मुले घराच्या मधल्या खणात झोपली होती, ती वाचली.

त्या भागातली घरे वाचकांपैकी अनेकांनी पाहिली असतील. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, आत-बाहेर दगडांचे दोन पदर आणि मध्ये दगडगोटे व मातीची भर. वर लाकडी कड्या, फळ्या आणि त्यावर मातीचे जाड माळवद. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी गळती थांबवायला त्यावर आणखी माती पडायची. पुष्कळ घरांत या माळवदाचा भार भिंतींवर नसून आतल्या लाकडी खांबांवर असे. भूकंपात मातीत रचलेल्या भिंती ढासळल्या, पण अशा काही घरांत खांब, तुळया आणि वरचे माळवद जागेवर उभे राहिले. अम्मी आजही त्याबद्दल एकच वाक्य बोलतात, "दिवारां गिर गए, खांबां खडे रह गए."

मग आमचे खांब का उभे राहिले नाहीत? ते तर लोखंडाचे होते. याचे उत्तर शोधताना आम्हाला सगळा हिशेब उलटा करून पाहावा लागला.

भार कुठे जातो?

दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब जागा धरू. तिच्यावर दीड फूट जाडीचे माळवद असेल, तर ती १८० घनफूट माती झाली. एका घनफूट कोरड्या मातीचे वजन साधारण ४५ किलो. म्हणजे सुमारे आठ टन. म्हणून जुन्या वाड्यातला खांब दगडी तळखड्यावर नुसता टेकवलेला असला तरी वाऱ्याने हलत नाही. आठ टनांचे ओझेच त्याला दाबून धरते. त्या खांबाचे काम पेलायचे.

तेवढ्याच जागेवरच्या आमच्या मांडवाचे, पत्रा आणि पाईप धरून, वजन होते सुमारे शंभर किलो. दोन माणसे बसावीत इतके. त्याला पेलायला कितीसा जोर लागणार? म्हणून आम्ही आणि वेल्डिंगवाले भाई, दोघेही निर्धास्त होतो. "एवढ्याशा वजनाला फूटभर खड्डा पुष्कळ झाला," असे आम्हीच म्हणालो होतो.

वाऱ्याचा विचार कोणी केलाच नव्हता. चारी बाजूंनी मोकळ्या मांडवाखाली वारा शिरतो आणि पत्र्याला खालून उचलतो. वरून जाणारा वेगवान वारा त्याला आणखी ओढतो. वाऱ्याचा दाब काढायचे सूत्र सोपे आहे. वेग सेकंदाला किती मीटर तो घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ ने गुणायचे. येते ते दर चौरस मीटरला न्यूटन. आपल्या देशाच्या बांधकाम मानकातही हेच सूत्र आहे. आम्ही हे गणित वर्गात फळ्यावर मांडले. मुलांनी दहा मिनिटांत सोडवले.

ताशी १०० किलोमीटर वारा म्हणजे सेकंदाला सुमारे २७.८ मीटर. त्याचा दाब येतो सुमारे ४६३ न्यूटन, म्हणजे दर चौरस मीटरला ४७ किलोच्या आसपास. आमचा पत्रा ११ चौरस मीटरपेक्षा थोडा जास्त. छताच्या आकाराप्रमाणे हा जोर कमी-जास्त होतो, पण सावधपणे पूर्ण धरला तर मांडवाला वर उचलणारा जोर झाला सुमारे ५२५ किलो.

आता धरून ठेवणारे वजन. काँक्रीटचे वजन घनफुटाला साधारण ६८ किलो. आमचे चार खड्डे एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल. म्हणजे चार घनफूट, २७२ किलो. त्यात मांडवाचे शंभर मिळवले तर ३७२. उचलणारा जोर ५२५, धरणारे वजन ३७२. एका मुलीने विचारले, "सर, मग हे आधीच का नाही केलं?" वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण तिचा प्रश्न खरा होता.

यातून लक्षात ठेवायचे ते इतकेच : जड छताच्या खांबाने पेलायचे असते, हलक्या छताच्या खांबाने धरून ठेवायचे असते. आणि वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, म्हणून नेहमीच्या वाऱ्यात मांडव टिकला याचा अर्थ तो वळवात टिकेल असा होत नाही.

काळी माती, मुरूम आणि खड्डा

आपल्या मराठवाड्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे काळी माती. पाणी लागले की ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत उथळ बसवलेला खांब दर पावसाळ्यात थोडा वर ढकलला जातो, दर उन्हाळ्यात थोडा सैल होतो. दोन-तीन वर्षांत तो हाताने हलू लागतो. म्हणून काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खणायचे आणि मुरमातही थोडे उतरायचे. आमच्याकडे दोन फुटांवर मुरूम लागला. गोदाकाठच्या वस्त्यांत माती फार खोल असते. तिथे मुरूम हाती लागत नसेल तर खड्डा मोठा करून तळाला बाहेरून आणलेला मुरूम भरून चांगला धुमसून घ्यावा लागतो. अशा ठिकाणी इंजिनिअरला एकदा जागा दाखवलेली बरी.

या वेळी आम्ही चारऐवजी सहा खांब घेतले. प्रत्येक खड्डा दीड फूट लांब, दीड फूट रुंद, अडीच फूट खोल. एका खड्ड्यातले काँक्रीट सुमारे ३८० किलो, सहांचे मिळून २,३०० किलोच्या आसपास. ५२५ च्या चौपटीहून जास्त. मिस्त्री म्हणाले, "सर, तुम्ही काय दुमजली घर बांधताय का?" आम्ही त्यांना ती मोडलेली बाज दाखवली. मग ते काही बोलले नाहीत.

काँक्रीट एकास दोनास चार या प्रमाणात, म्हणजे एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी. पाणी बेताचे. पातळ काँक्रीट ओतायला सोपे, पण कच्चे राहते. किमान सात दिवस ओल्या पोत्यांनी झाकून पाणी मारले आणि त्यानंतरच खांब उभे केले. घाई करून दुसऱ्याच दिवशी पत्रा चढवणारे कारागीर असतात. त्यांना थांबवणे हे घरमालकाचे काम.

खांब जमिनीत पुरण्यापेक्षा जाड बेसप्लेट आणि नटबोल्ट बरे. बोल्ट काँक्रीट ओतण्यापूर्वीच आत सोडायचे, त्यांचे खालचे टोक आकड्यासारखे वाकवलेले असावे. नंतर वरून छिद्र पाडून ठोकलेले छोटे बोल्ट मांडवाला पुरत नाहीत. काँक्रीटचा माथा जमिनीपेक्षा दोन-तीन इंच वर ठेवायचा आणि त्याला बाहेर उतार द्यायचा. खांबाच्या पायाशी पाणी साचले की पाईप तिथूनच गंजतो, तोही आतून, म्हणजे दिसतही नाही. लाकडी खांब वापरायचा असेल तर त्यालाही जमिनीपासून वर, लोखंडी पट्ट्यांत धरावे, नाहीतर वाळवी आणि ओल मिळून त्याला पायातून खातात.

फूटपट्टी आणि काड्यांचा धडा

आडव्या तुळईसाठी चपटा आयताकृती पाईप घेतला तर तो उभा ठेवायचा, आडवा नाही. हे पटत नसेल तर मुलांची फूटपट्टी घ्या. आडवी धरून वाकवा, लगेच वाकते. उभी धरून वाकवा, वाकत नाही. पट्टी तीच, फक्त धरण्याची रीत बदलली. आम्ही खांबांना तीन इंची चौकोनी पाईप घेतला आणि दोन खांबांमधले अंतर सहा फुटांपर्यंतच ठेवले. पहिल्या मांडवात ते बारा फूट होते, म्हणून तुळई मध्ये झोल खात होती.

दुसरा धडा काड्यांचा. चार काड्या टोकांना दोऱ्याने बांधून चौकोन करा आणि कोपऱ्यातून ढकला. तो लगेच तिरका होतो. तीन काड्यांचा त्रिकोण करा आणि ढकला. काडी मोडेल, पण त्रिकोण हलणार नाही. मांडव म्हणजे चौकोनच. म्हणून प्रत्येक खांब जिथे तुळईला भेटतो तिथे दीड-दोन फुटांचा तिरपा टेकू लावायचा, लांबीच्या बाजूने एक आणि रुंदीच्या बाजूने एक. एवढ्याने कोपऱ्यात त्रिकोण तयार होतो आणि मांडव डोलत नाही.

भूकंपानंतर सरकारी पुनर्वसन कार्यक्रमात जी जुनी घरे शाबूत होती ती मजबूत करण्यासाठी लोकांना ज्या गोष्टी सांगण्यात आल्या, त्यांत हीच होती : लाकडी खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरपे टेकू लावा, माळवदावरची जास्तीची माती उतरवा, भिंतीचे दोन पदर बांधणारे आरपार दगड घाला. मामूंच्या नव्या घरात त्यांनी गुरांच्या गोठ्यालासुद्धा असे टेकू लावून घेतले. आम्ही लहानपणी त्यांना लोंबकळायचो, पण ते कशासाठी आहेत हे कधी विचारले नाही.

वर काय घालावे?

पत्रा घालायचा असेल तर दहा फुटांना निदान एक फूट उतार द्यावा आणि पाणी आपल्याच अंगणात पडेल अशी दिशा ठेवावी. आकडे किंवा स्क्रू पन्हळीच्या चढावर, वॉशरसकट बसवावेत. खोलगटात बसवले तर गळते. कडेला आणि कोपऱ्यांत वारा सर्वात जास्त ओढतो, तिथे आकडे जवळजवळ हवेत. पत्रा खांबाबाहेर फूटभरापेक्षा जास्त काढू नये.

पण आधी स्वतःला विचारावे : आपल्याला पाऊस अडवायचा आहे की ऊन? अम्मींना हवी होती दुपारी तांदूळ निवडायला, वुजू करायला आणि जोहरनंतर जरा टेकायला सावली. त्यासाठी पत्रा कशाला? वरून मोकळ्या पट्ट्या आणि त्यावर वेल असेल तर वारा आरपार जातो आणि उचलणारा जोर पुष्कळ कमी होतो. पत्र्याखाली मे महिन्यात भट्टी होते, वेलीखाली होत नाही. आम्ही पट्ट्या घातल्या, त्यावर दोडका आणि जाई सोडली. वेल भरेपर्यंत हिरवी जाळी बांधली. जाळीही वारा धरते, म्हणून ती सोडता येईल अशीच बांधली आहे. आभाळ भरून आले की मुले आधी जाळी सोडतात.

तरीही पाया आम्ही पत्र्याच्या हिशेबानेच केला. आपल्या घरांची सवय आम्हाला ठाऊक आहे. आज वेल, उद्या पाहुणे येणार म्हणून पत्रा, परवा झोपाळा, मग कबुतरांची पेटी, आणि एक दिवस कोणीतरी म्हणते, "पाण्याची टाकी इथंच ठेवू." टाकी मात्र कधीही ठेवू नये. पाचशे लिटर पाणी म्हणजे पाचशे किलो, तेही सगळ्यात वर.

गच्चीवर शेड करणाऱ्यांसाठी दोन शब्द. तिथे वारा जास्त आणि खड्डा घ्यायला जमीन नाही. कठड्याच्या विटांत चार खिळे ठोकून उभा केलेला पत्रा म्हणजे आपण दुसऱ्याच्या डोक्यावर टांगलेली तलवार. स्लॅबखालच्या बीममध्ये पकड घ्यावी लागते, ती इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नये. कायमच्या शेडसाठी परवानगी लागते का, हेही महापालिकेत किंवा नगरपरिषदेत आधी विचारावे. वरून विजेची तार जात असेल तर जागाच बदलावी, आणि मांडवात दिवा लावणार असाल तर लोखंडी सांगाड्याला अर्थिंग करून घ्यावे.

भिंत कोणाची?

पहिल्या मांडवाची एक बाजू आम्ही कंपाउंडच्या सामाईक भिंतीवर टेकवली होती. दोन खांबांचा खर्च वाचेल, हा विचार. काकांना विचारलेही नव्हते. भिंत एक विटेची, तिला वरून ओढ सहन होत नाही. आणि ती अर्धी त्यांची. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आपण जुम्याच्या बयानात ऐकतो, मुलांनाही शिकवतो, पण दोन खांबांचे पैसे वाचवताना ते आठवत नाही. या वेळी सहाही खांब आमच्या जमिनीत, भिंतीपासून दोन फूट आत आहेत. खड्डे खणायच्या आधी काकांना बोलावून आखणी दाखवली. त्यांनी स्वतः दोरी धरली.

मिस्त्री निघताना म्हणाले, "आता अल्लाहच्या भरवशावर सोडा." अम्मी ओसरीतून म्हणाल्या, उंट आधी बांधायचा असतो, भरवसा त्याच्या नंतर. प्रेषितांची (स.) ही शिकवण आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. आमचा उंट मागच्या वेळी फूटभर खड्ड्यात बांधला होता.

या वर्षीच्या मेमध्ये दोनदा जोराचे वळीव आले. दोन्ही वेळा आम्ही खिडकीतून मांडवाकडे पाहत राहिलो. वेलीची पाने झडली, एक पट्टी सैल झाली, खांब हलले नाहीत. वारा थांबल्यावर बाहेर गेलो तर भिंतीपलीकडे काकाही त्यांच्या अंगणात उभे राहून आमच्या मांडवाकडेच पाहत होते. आम्ही पट्टीचा नट आवळून घेतला. दोडक्याची एक वेल भिंतीवरून त्यांच्याकडे गेली आहे. तिचे दोडके काकू काढतात. त्यांची नात अजून त्या भिंतीजवळ बाज टाकत नाही, दाराजवळच टाकते.